रडारची स्क्रीन काळीकुट्ट केली म्हणजे रडार सुधारलं असं नसतं

पावसाळी मासेमारीची बंदी उठून बोटी बाहेर पडायला लागल्या की दरवर्षी असे मेसेज फिरतात, यावेळचा एक व्हॉइस मेसेज तर मला चार दिवसांत सहा जणांनी पाठवलाय. बोलणारा म्हणतो, रडारवर कचरा (लाटांचे, पावसाचे नको ते ठिपके) दिसायला लागला म्हणजे मॅग्नेट्रॉन गेला, तो बदला. बदलेपर्यंत लाटांचा आणि पावसाचा कचरा दाबणारी सी आणि रेन ही दोन्ही बटणं स्क्रीन काळी होईपर्यंत वाढवून ठेवा, इंटरफेरन्स रिजेक्शन (दुसऱ्या रडारांच्या रेघा पुसणारी सोय) कायम फुल ठेवा, खोटे इको (आपटून परत आलेले सिग्नल) दिसले तर फॅक्टरी रिसेट मारा, आणि एआयएस (जहाजं आपली जागा रेडिओवरून आपोआप सांगतात ती यंत्रणा) असताना रडारचं एवढं टेन्शन कशाला घ्यायचं! मी सतरा वर्षं टग, पायलट लाँच, क्रू बोटी, मोठे ट्रॉलर यांच्यावरची रडारं उघडून दुरुस्त करतोय आणि यातली सी बटणाची गोष्ट ऐकून मला खरंच भीती वाटली म्हणून सगळं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी मॅग्नेट्रॉन. तो पल्स, म्हणजे रडार बाहेर सोडतं तो रेडिओ लहरींचा छोटा झटका, तयार करतो, म्हातारा झाला की पॉवर कमी होते, म्हणजे सगळंच फिकं दिसायला लागतं, आधी लांबचं जातं मग जवळचं. लाटांचा कचरासुद्धा कमीच होतो! त्यामुळे स्क्रीनवर लाटा भरभरून दिसतायत याचा अर्थ पल्स जातोय आणि परतही येतोय, मशीन काम करतंय. मॅग्नेट्रॉन थकल्याची खूण वेगळी असते, जो डोंगर १२ मैलांवरून दिसायचा तो आता ७ मैलांवर आल्याशिवाय दिसत नाही, ओळखीचा बोया सापडत नाही, स्क्रीनवरची ट्यूनची पट्टी (रिसीव्हर किती नीट जुळलाय ते दाखवणारी) वर चढत नाही. एका टगच्या मालकांनी असाच कुणाच्या तरी सांगण्यावरून मॅग्नेट्रॉन बदलून घेतला, पैसे गेले आणि कचरा उलट आणखी वाढला, कारण नवीन मॅग्नेट्रॉनची पॉवर जास्त. मला बोलावलं तेव्हा मी फक्त गेन (परत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते) आणि सी परत लावून दिलं. दहा मिनिटांचं काम होतं.

आता सी बटण, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. लाटेचा जो चेहरा आपल्याकडे येतो त्याच्यावर आपटून पल्स परत येतो, म्हणून सी क्लटर, म्हणजे लाटांचा कचरा, कायम मधोमध, आपल्या बोटीभोवती असतो आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे जास्त पसरलेला असतो. सी बटण रिसीव्हरचं गेन फक्त जवळच्या अंतरात दाबतं आणि जसजसं लांब जाऊ तसतसं मोकळं सोडतं. ते फुल केलं की पहिल्या दोन-तीन मैलांत रडार ठार बहिरं होतं. आणि आपल्याला धोका कुठे असतो? त्याच दोन-तीन मैलांत!

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी मुंबईच्या प्राँग्ज दीपस्तंभाच्या बाहेर एका टगवर होतो, कामाला गेलो होतो एआयएसच्या, रडारच्या नाही. नैऋत्येचा वारा, दिवेलागणीची वेळ, पाऊस थांबलेला. रडारची स्क्रीन एकदम काळी स्वच्छ आणि मास्टर (टगचे कॅप्टन) कौतुकाने म्हणाले, बघा किती क्लीन ठेवलंय. सीचा आकडा बघितला तर ८५. मी त्यांना विचारून ४० वर आणला, लगेच मध्ये पांढरा भुसा पसरला, नैऋत्येकडे झुकलेला, आणि त्या भुशात एक ठिपका असा की बाकीचे सगळे दर फेरीला जागा बदलतायत, हा मात्र तिथेच. पाऊण मैलसुद्धा नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं तर लाकडी होडी, इंजिन बंद, एक जण वाकून जाळं ओढतोय. मास्टरनी काही न बोलता हेडिंग १५ अंश बदललं.

ठिपका ओळखायची हीच रीत. अँटेना २४ आरपीएमने फिरत असेल तर अडीच सेकंदाला एक फेरी होते, सात-आठ फेऱ्या नुसतं बघत राहा, लाट नाचते आणि होडी टिकते. लाकडाचा आणि फायबरचा इको लोखंडाच्या मानाने फारच कमजोर असतो म्हणून तो पहिला मरतो.

मग लावायचं कसं? १२ मैलांच्या रेंजवर जा, सी आणि रेन शून्यावर, गेन इतकं वाढवा की मागे बारीक दाणे जेमतेम दिसतील, मग ३ मैलांवर येऊन सी हळूहळू वाढवा, वाऱ्याच्या आडोशाकडचा भाग मोकळा झाला की थांबा, वाऱ्याकडे थोडा भुसा राहूच द्या. वारा बदलला किंवा बोट वळली की पुन्हा बघा. आणि पल्स शॉर्ट आहे ना ते तपासा, ०.०८ मायक्रोसेकंदाचा पल्स साधारण १२ मीटरचा भाग एकत्र पकडतो, ०.८ चा १२० मीटरचा, म्हणजे लाँग पल्सवर तेवढ्या सगळ्या लाटा एकाच ढेकळात दिसतात आणि होडी त्याच ढेकळात गडप. बऱ्याच वेळा कचऱ्याचं कारण एवढंच असतं, किंवा कुणीतरी इको स्ट्रेच (ठिपके मोठे करून दाखवणारी सोय) चालू करून विसरलेलं असतं.

रेनचं थोडक्यात. पाऊस कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, रेन बटण लांबलचक इकोची फक्त पुढची कड ठेवतं, पाऊस गेला की शून्यावर आणा नाहीतर किनारा आणि जहाजंही बारीक होतात.

इंटरफेरन्सबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. मधून बाहेर जाणाऱ्या वाकड्या तुटक रेघा म्हणजे दुसऱ्या जहाजांची रडारं, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात किंवा अँकरेजवर (जहाजं नांगरतात तिथे) या भरपूर दिसतात, आणि रिजेक्शन लागोपाठच्या पल्सची तुलना करून त्या पुसतं. चालू ठेवायला हरकत नाही. पण रेकॉन (रडारच्या पल्सला स्वतः उत्तर देणारं यंत्र) लावलेला बोया शोधत असाल तर ते बंद करा, कारण रेकॉनचं उत्तरसुद्धा त्यात पुसलं जाऊ शकतं.

खोटे इको आणि रिसेट, हा मुद्दा तर पूर्ण चुकीचा. जवळच्या मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना त्याच अंतरावर कमानी दिसल्या तर ते साइड लोब (अँटेनाच्या बाजूने निसटणाऱ्या लहरींचे इको), गेन जरा कमी किंवा सी जरा जास्त केलं की जातात. खोटं जहाज कायम मास्टच्याच दिशेला दिसत असेल तर पल्स मास्टवर आपटून दुसरीकडे जातोय, एका क्रू बोटीवर डोमच्या (अँटेना असते त्या घुमटाच्या) पातळीत नवीन फ्लडलाइटचा स्टीलचा बॉक्स वेल्ड केल्यापासून हे सुरू झालं होतं, तो खाली घेतला आणि भूत गेलं. तिसरा प्रकार आपल्या समुद्राचा खास आहे, जमिनीवरची कोरडी गरम हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरली की पल्स क्षितिजापलीकडे वाकून जातो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला अशाच हवेत हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानचे इको मिळाले होते. सेकंदाला २००० पल्स असतील तर दोन पल्समध्ये जाऊन-येऊन ७५ किलोमीटरच मावतात, मग ८० किलोमीटरवरच्या डोंगराचा इको पुढच्या पल्सच्या फेरीत येऊन ५ किलोमीटरवर बसतो. रेंज बदलून बघा, सेकंदाला जाणाऱ्या पल्सची संख्या बदलली की तो सरकतो किंवा गायब होतो, खरं जहाज सरकत नाही. यातलं काय रिसेटने सुटणार? उलट बऱ्याच मशीनवर रिसेटने हेडिंगचं ॲडजस्टमेंट आणि टायमिंग पुसलं जातं, मग सगळ्या दिशा चार-पाच अंश चुकतात आणि सरळ जेटी वाकडी दिसायला लागते. आधी सेटिंग मेनूचे फोटो तरी काढून ठेवा.

मशीनचाच दोष शोधायचा असेल तर डोमच्या केबलचा कनेक्टर उघडा, पिनांवर हिरवट गंज किंवा ओल दिसली तर तिथे सुरुवात करा, मग ट्रान्समिट चालू असताना व्होल्टेज मोजा.

आणि एआयएस. एआयएस फक्त जो स्वतःहून सांगतो त्यालाच दाखवतं. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या नियमांत सहाव्या नियमातच लिहिलंय की समुद्राची अवस्था आणि हवामान यांचा रडारवर होणारा परिणाम धरून वेग ठरवा, छोट्या होड्या पुरेशा अंतरावरून दिसणार नाहीत हेही धरा, आणि सातवा नियम सांगतो की अपुऱ्या रडार माहितीवर अंदाज बांधू नका. मुद्दाम काळी केलेली स्क्रीन ही अपुरीच माहिती झाली ना? प्राँग्जबाहेरच्या त्या होडीवर एआयएस नव्हतं, काठीला बांधलेला एक दिवा होता आणि तोही त्या माणसाने अजून लावला नव्हता.