पंचवटीत कोळी

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात पाच कुंड्या आहेत म्हणून बायको त्या कोपऱ्याला पंचवटी म्हणते. नाशिकमध्ये राहिल्यावर एवढं होणारच. खरी पंचवटी गोदावरीच्या पलीकडे. आमची गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीपाशी. तिथे पाच वड. इथे वड एकही नाही. एक अरेका पाम, एक क्रोटन, एक मनीप्लँट, एक पीस लिली आणि एक अलोकेशिया. अलोकेशिया म्हणजे आपल्या अळूची शहरात शिकलेली चुलतबहीण. सहाशे रुपये देऊन ती घरी आणली तेव्हा आईने पान उलटसुलट करून विचारलं, "वड्या होतात का?" होत नाहीत म्हटल्यावर आईचा तिच्यातला रस तिथेच संपला.

फेब्रुवारी सरता सरता अलोकेशियाच्या पानावर बारीक सोनेरी ठिपके दिसायला लागले. सुईच्या टोकाएवढे, शेकड्याने, शिरांच्या कडेकडेने. उन्हात धरलं की पान असं काही चमकायचं की सराफ बाजार आठवावा. आता झाडं पाळणाऱ्या लोकांत 'व्हेरिगेटेड' नावाचा एक प्रकार असतो. पानावर पांढरे-पिवळे पट्टे किंवा शिंतोडे असले की त्याच रोपाची किंमत कितीतरी पटीने वाढते. माझं सहाशेचं रोप माझ्याच हाताखाली, माझ्याच देखरेखीत व्हेरिगेटेड झालं होतं! मी फोटो काढले, आप्तेष्टांना पाठवले. समोरच्या फ्लॅटमधले काका खास बघायला आले. "हात चांगला आहे हो तुमचा," म्हणाले. मी विरघळलो. कुंडीत बाजूला एक पिल्लू फुटलं होतं, ते काढून छोट्या कुंडीत लावून त्यांना भेट दिलं.

पंचवटीत सोनेरी ठिपक्यांचं काही दिसलं की पुढे काय होतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरीही.

झाडांची सेवा मी मनापासून करायचो. समोरचा रस्ता खोदलेला, घरात धुळीचा थर. म्हणून रोज सकाळी एक ओलं फडकं घेऊन पाचही झाडांची पानं पुसायची. आधी अलोकेशिया, कारण मान तिचा. मग त्याच फडक्याने पाम, क्रोटन, मनीप्लँट, लिली. पंधरा दिवसांत पामही किंचित सोनेरी झाला. तेव्हा मात्र मला स्वतःच्या हाताची भीती वाटायला लागली.

पाडव्याच्या साफसफाईत आईने पहिला बॉम्ब टाकला. "त्या झाडांना जळमटं लागलीत. घरात तर लागतातच, आता झाडांनाही!" हे वाक्य बायकोच्या दिशेने होतं, त्यामुळे त्यावर अर्धा दिवस वेगळीच चर्चा झाली आणि जळमटं राहिली बाजूला.

निदान झालं ते मेहुण्यामुळे. बायकोचा मोठा भाऊ, निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग. द्राक्षाचं क्रेट द्यायला आला होता. सोफ्यावर बसून चहा पिता पिता तो पामकडे बघत राहिला. बाग असलेला माणूस झाडाकडे बघतो तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघतो तसा चेहरा करतो.

"काय करू राहिले दाजी याला?"

"व्हेरिगेटेड होतंय," मी म्हणालो. आवाजात आधीचा जोर नव्हता.

त्याने बशी ठेवली, उठला आणि पान उलटं केलं. मी महिनाभर पानाच्या पुसलेल्या, चकचकीत वरच्या बाजूकडे बघत होतो. खालची बाजू धुरकट, मळकी, आणि शिरेच्या खोबणीत रेशमासारखं बारीक जाळं. त्याने टीपॉयवरची लग्नपत्रिका उचलली, कोरी बाजू वर करून पानाखाली धरली आणि पानावर दोन टिचक्या मारल्या. पत्रिकेवर तिखटाची चिमूट सांडावी तसे कण पडले. मग ते कण चालायला लागले. 'सौ. व श्री. यांच्या आग्रहाचे निमंत्रण' याच्या पाठीवर शंभरेक वऱ्हाडी निवांत फिरत होते.

"लाल कोळी," दादा म्हणाला.

"पण लाल कुठे आहेत? हे तर पिवळट आहेत."

"नाव लाल कोळी. रंग कसाबी असू द्या." त्याने एका कणावर बोट फिरवलं. पत्रिकेवर हिरवट-तांबूस रेघ उमटली. "रस पिऊन बसलेत. तुमच्या पानाचा."

आईचं पोथीचं भिंग आणून मी बघितलं. अर्धा मिलिमीटरही नसेल. पारदर्शक अंग, दोन्ही कुशीला एकेक काळा डाग आणि आठ पाय. आजूबाजूला मोत्यासारखी गोल अंडी. मग कळलं की मी चोरून झुरळांचा फवारा मारला होता त्याने यांचं काहीच का बिघडलं नाही. हा किडा नव्हेच, कोळ्यांच्या गोतातला. कीटकनाशक कीटकांसाठी असतं. फवाऱ्याने फक्त लिलीच्या पानांची टोकं करपली. लिलीचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

सोनेरी ठिपक्यांचं रहस्यही उलगडलं. कोळी पानाच्या एकेका पेशीत सोंड खुपसून हिरवा रस ओढतो. रिकामी पेशी पिवळी दिसते. म्हणजे माझा एकेक सोनेरी ठिपका हे एकेक जेवलेलं ताट होतं. रात्री मोबाईलवर वाचत बसलो. ऊन आणि कोरडी हवा त्यांना मानवते. तीसेक अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. नर भेटला नाही तरी घालते, त्यातून सगळे नरच होतात, आणि मग... पुढचं मी आईसमोर मोठ्याने वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवर गर्दी, सगळे बागायतदार. माझा नंबर आला.

"लाल कोळीसाठी द्या काहीतरी."

"प्लॉट किती दिवसांचा?"

"दीड वर्षाचा."

"छाटणीपासून?"

"नर्सरीपासून."

तो थांबला. मागचा शेतकरी पुढे सरकून ऐकायला लागला.

"एकर किती?"

"पाच," मी म्हणालो, आणि प्रामाणिकपणा आडवा आला. "कुंड्या."

माणूस सज्जन. हसला नाही. कोळीनाशकाच्या बाटलीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. "हे घरात मारायचं नाही. पोरंबाळं झोपतात तिथं तर नाहीच. निमतेल घ्या. लिटरला पाच मिली, साबणाचे चार थेंब, संध्याकाळी मारा, पानाच्या खालून. त्याआधी नुसत्या पाण्याने जोरात धुवा." मागच्या शेतकऱ्याने विचारलं, "ट्रॅक्टरचा ब्लोअर लागंल का?" तेव्हा मात्र दुकान हसलं.

सगळ्या शहरात 2027च्या सिंहस्थाची बोलणी चाललेली. आमच्या बाथरूममध्ये पहिली पर्वणी त्याच रविवारी झाली. प्रत्येक कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची, झाड आडवं धरायचं आणि पानांच्या पोटावर हँड शॉवर सोडायचा. अलोकेशिया, क्रोटन निमूट न्हाले. पाम पाच फुटी. त्याला काखेत आडवा घेतला तेव्हा शेंडा गीझरला लागत होता आणि कुंडी दाराबाहेर होती. पिशवी सुटली. अडीच किलो माती, कोकोपीट आणि वरून हौसेने पसरलेले पांढरे खडे जाळीकडे निघाले. मी एका हाताने पाम, एका पायाने जाळी आणि उरलेल्या अवयवांनी पंचा सांभाळत असताना बेल वाजली. समोरचे काका. बायकोने त्यांना सांगितलं, "हे पामला आंघोळ घालतायत." काका म्हणाले, "चालू द्या, मग येतो."

संध्याकाळी निमतेल मारलं. कडुनिंबाची पानं आम्ही पाडव्याला गूळ-ओवा घालून वर्षातून एकदा खातो, तेवढी ओळख पुरेशी आहे असं माझं मत झालं. तो वास पडद्यांत, उशांत आणि दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांत होता. कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर पोचवणारं ते फडकं मी जाळून टाकणार होतो. आईने ते धुऊन फरशीला लावलं.

एका फवारणीत भागत नाही, कारण अंडी मरत नाहीत. ती फुटली की पुन्हा. म्हणून सहा दिवसांनी दुसरी पर्वणी, आणखी सहा दिवसांनी तिसरी. मधेच मला घाई झाली. दादाच्या बागेत भुरी रोगाला गंधक मारतात, ते कोळ्यालाही चालतं असं ऐकलं होतं. फोन केला, "उद्या गंधक मारू का?"

"तेल कधी मारलं?"

"काल."

पलीकडे शांतता. मग दादा फार हळू आवाजात बोलला, वेड्या माणसाशी बोलतात तसा. "दाजी, तेलावर गंधक मारत नसतेत. पानं जळतात. आन् एवढ्या उन्हात तर नाहीच. तुम्ही आता काहीच करू नका. बसा जरा."

बसलो. अलोकेशियाची तीन पानं कापून टाकावी लागली, एकच उरलं. तिसऱ्या पर्वणीनंतर मी लग्नपत्रिका घेऊन प्रत्येक पानाला टिचक्या मारल्या. धूळ पडली. भिंगातून बघितली, धूळच होती, चालत नव्हती. एप्रिलच्या मध्यावर अलोकेशियाला नवीन पान आलं. सुरळी उलगडली तसं खालून-वरून सगळं तपासलं. हिरवंगार, एकही ठिपका नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. काका दारात उभे, चेहरा फुललेला, हातात मोबाईल.

"अहो, बघायला या लवकर! तुम्ही दिलेलं पिल्लू... सोनेरी व्हायला लागलं! आणि काय सांगू, बाजूच्या तुळशीलाही थोडं थोडं येतंय."