पेटंटच्या नोटिशीनं अटक होत नाही

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, ॲप काढून टाकलंय." करवीर तालुक्यातल्या आपल्या गावच्या दूध संस्थेसाठी पोरानं वर्षभर रात्री जागून ते लिहिलेलं. दूध घातलं की फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम उत्पादकाच्या मोबाईलवर येते, दहा दिवसांचं बिल आपोआप निघतं. काढायचं कारण काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज. क्यूआर कोड, ॲपमधली खरेदी, अल्गोरिदम, सगळ्याची पेटंटं परदेशी कंपन्यांनी घेतलीत; लहान डेव्हलपरला नोटीस आली की सात दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर पोलीस उचलतात; वकील गाठला तर रक्कम दुप्पट होते. असा तो मेसेज.

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत पंधरा वर्षं हेच, सॉफ्टवेअर लिहायचं काम करतोय. मेसेज माझ्याकडंही तीनदा आलेला, मी तसाच सोडला. तेव्हाच उत्तर द्यायला पाहिजे होतं.

आधी अटकेचं बघू, कारण पोरगं त्यालाच भ्यालं. आपला पेटंट कायदा १९७० चा आहे आणि त्यात पेटंटचं उल्लंघन हा दिवाणी मामला आहे. पेटंटवाल्यानं जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वरच्या कोर्टात दावा लावायचा, मनाई नाहीतर भरपाई मागायची, आणि उल्लंघन झालंय हे दाखवायचं. यात पोलीस येतातच कुठं? कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या कायद्यात तुरुंगवास आहे, तो कुणीतरी इथं आणून चिकटवलाय. उलट पेटंट नसताना आपला माल पेटंटचा म्हणून विकणाऱ्यालाच या कायद्यात दंड आहे.

आणि वकील गाठू नका म्हणणं तर सरळ नुकसान करणारं आहे. कलम १०६ नेमकं अशा धमक्यांसाठीच आहे. कुणी बिनबुडाची उल्लंघनाची धमकी दिली, तर ज्याला धमकी आली तोच कोर्टात जाऊन ती थांबवायचा आदेश आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. (नुसतं "आमचं असं असं पेटंट आहे" एवढं कळवणं धमकीत धरत नाहीत.) पेटंट असल्याचं माहीतच नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं हे सिद्ध केलं, तर कलम १११ प्रमाणे त्या काळाची भरपाई लागत नाही. ही दोन कलमं सांगणारा माणूस वकीलच ना?

अल्गोरिदमचं पेटंट म्हणे. कलम ३(के) मध्ये गणिती किंवा धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोधच धरलेले नाहीत. २००४ च्या अध्यादेशात हे कलम सैल केलेलं, ते २००५ मध्ये संसदेनं मान्य केलं नाही. आता "निव्वळ" या शब्दावर बरंच अडतं हे मला कबूल करावं लागतं. प्रोग्रॅममुळं तांत्रिक परिणाम साधत असेल तर पेटंट मिळू शकतं, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फेरिद अलानी प्रकरणात सांगितलंय. पण फॅटवरून दर काढणं त्यात बसत नाही.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्हनं १९९४ मध्ये काढला. पेटंट होतं, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावणार नाही हे कंपनीनं स्वतःच जाहीर केलं. विषय संपला.

ॲपमधल्या खरेदीचं मात्र अर्धं खरं आहे. २०११ मध्ये लॉडसिस नावाच्या अमेरिकी कंपनीनं आयफोनचे ॲप करणाऱ्या लहान डेव्हलपरांना पत्रं धाडली, अमेरिकेतल्या कमाईचे ०.५७५ टक्के मागितले आणि काहींवर दावेही लावले. ॲपलनं आपल्याकडं परवाना आहे, त्यात डेव्हलपरही येतात, अशी बाजू घेतली. म्हणजे असली पत्रं येतात. पण ती अमेरिकेची पेटंटं होती आणि पेटंट त्या त्या देशापुरतंच चालतं. तुमचं ॲप तिकडं विकत असाल तर जपून राहा. "मी कुठूनही चोरलं नाही, स्वतः लिहिलंय" हा पेटंटमध्ये बचाव होत नाही, हेही खरंच.

पत्र आलंच तर पहिल्यांदा पेटंटचा नंबर आणि देश विचारा. भारतातलं असेल तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट सापडतं. मंजूर झालंय की नुसता अर्ज पडलाय, २० वर्षांची मुदत संपली का, तिथंच कळतं. नुसत्या अर्जावर दावा लावता येत नाही.

भाच्याला तर पत्रसुद्धा आलेलं नव्हतं. फक्त मेसेज. तिकडं संस्थेचे सचिव दोन दिवस वहीत हातानं फॅट लिहितायत आणि बिलाची तारीख परवावर आलीय. आज संध्याकाळच्या दुधाआधी ॲप परत चढव, म्हणून मी त्याला सांगितलंय.