टर्कीची हाडं

काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार. ज्यांना ब्लॅक फ्रायडेच्या सेलच्या रांगेत उभं राहायचंय त्यांनी खुशाल जा.

काल थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथे अमेरिकेत टर्की नावाचा मोठा पक्षी अख्खा भाजून जेवायच्या सणाला, एकांकडे जेवायला होतो. सगळी आपलीच माणसं. अकरा जण, त्यात चार शाकाहारी, तीन पोरं फक्त पास्ता खाणारी, आणि टर्की सोळा पौंडांची! जेवणं झाली, आवराआवर सुरू झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत यजमानीणबाईंनी तो अख्खा सांगाडा, एका बाजूचं मांस तसंच शाबूत असलेला, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबला. त्यावर बटाटा, त्यावर स्टफिंग (ब्रेडचं सारण), त्यावर क्रॅनबेरी. मी म्हटलं, "अगं थांब, हाडं मी नेते." तर म्हणे, "ई, उष्टं काय नेतेस! आम्ही बाई शिळं खात नाही." सगळे हसले. मीही हसले. त्याचाच जास्त राग आलाय.

ताटात राहतं ते उष्टं, पातेल्यात राहतं ते शिळं. एवढं तरी कळावं ना? आणि शिळं खात नाही म्हणजे काय? फोडणीच्या पोळीवर, फोडणीच्या भातावर वाढलेली माणसं आपण. मे महिन्यात मामाकडे कुस्करा जास्त कुणाला मिळाला यावरून भांडलोय. न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं म्हणून जीभ बदलली का?

2011 साली माझी आई पहिल्यांदा इथे आली होती, कोल्हापूरहून. त्या वर्षी मीही पहिल्यांदाच टर्की आणली, दुकानात पॉइंट जमले म्हणून फुकट मिळालेली. पोटात काळीज-गळ्याची पुडी असते ती काढायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुडीसकट भाजली. छातीचं मांस असं झालं की घास गिळायला पाणी लागावं. पाहुण्यांनी एकेक तुकडा खाल्ला आणि वा वा करत भाताकडे वळले. आईने ओव्हनमधून निघालेलं ते धूड बघून विचारलं होतं, "कोंबडा हाय का वासरू?"

दुसऱ्या दिवशी मी सांगाडा टाकायला निघाले तर तिने हात धरला. "हाडं टाकतीस व्हय? अगं, सैपाक तर आत्ता सुरू हुतोय."

मग बॅगेतून आणलेल्या खलबत्त्याचा बत्ता घेऊन बाई ओट्याशी उभी. तंगडीची हाडं फोडली, सांगाडा मोडून दोन वेळा कुकरला लावला. सेज आणि थाइमचा वास तिला अजिबात आवडला नाही, "ह्यो पाला कसला?" म्हणून दालचिनी-लवंगा जरा सढळ पडल्या. खसखस, तीळ, काजू वाटून घातले, शेवटी नारळाचं दूध, आणि मला दटावणं की आता उकळी आणशील तर फाटेल. हळद नाही, तिखट नाही. पांढरा रस्सा! म्हणजे पांढरा कुठला, भाजलेल्या हाडांचा, गहूवर्णी झाला होता. उरलेली अळणी, म्हणजे हाडांचा नुसता अर्क, फ्रीजमध्ये थिजली. डबा हलवला की खरवसासारखी थरथरायची.

आता तुम्ही म्हणाल, बाधलं तर? बरं बाबा, खरं आहे. रात्रभर टेबलावर राहिलेलं मीही टाकते. इथलं कृषी खातं सांगतं तसं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं, आणि गरम करायचं ते वाफाळेपर्यंत. पण काल जेवण आटोपून अर्धा तासही झाला नव्हता हो!

आणि टर्की मुळात मिळमिळीत, हेही मान्य. म्हणून तर दुसरा दिवस महत्त्वाचा. कोरडी छाती हाताने पिंजून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकी केली की भाकरीबरोबर कुणी नावं ठेवत नाही. बटाटा दूध-लोण्यामुळे सैल असतो, त्यात भिजवलेले पोहे कालवा, पॅटिस वळली जातात. क्रॅनबेरी म्हणजे आंबटपणात आपल्या करवंदांची बहीणच, तिला मोहरी-मेथी-हिंगाची फोडणी आणि लाल तिखट द्या. रताळ्यावरचे मार्शमेलो आधी उचलून फेका (हे फेकायला माझी हरकत नाही), मग त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाची पिठी, मीठ. पाण्याचा थेंब नको, गूळही नको. घारगे टम्म फुगतात. फक्त ते फरसबी आणि मशरूम सूपचं ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल. 1955 साली आमच्याच न्यू जर्सीत, कॅम्डनला, कॅम्पबेल या सूपवाल्या कंपनीच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी ते शोधलं. त्याचं काय करावं हे आईलाही सुचलं नव्हतं.

गंमत म्हणजे आमची शेजारची अमेरिकन आजी गुरुवारपेक्षा शुक्रवारची वाट बघते. ब्रेडमध्ये थंड टर्की, स्टफिंग, क्रॅनबेरी, वर ग्रेव्ही. तिला लाज नाही वाटत. लाज वाटते ती आपल्याला. कुणासमोर, देव जाणे.

सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. गुडघ्यांमुळे आता तिला एवढा प्रवास झेपत नाही. कालची हकिगत सांगितली तर म्हणाली, "जाऊ दे गं, दमली आसंल ती. एवढं धूड भाजायचं म्हंजे." असेलही. पहाटे चारला उठली होती म्हणे. मी काल हे विचारलं नाही, खरं सांगायचं तर.

एवढ्यात बेल वाजली. शेजारची आजी, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला सांगाडा. दरवर्षी मी मागते ना, म्हणून यंदा स्वतःच घेऊन आली.

कुकरची तिसरी शिट्टी झालीय. खसखस भिजत घातली आहे. यजमानीणबाई, ही पोस्ट वाचत असाल तर संध्याकाळी या. कालचंच आहे, आधीच सांगून ठेवते.