परदेशात जा, पण तोंड बंद ठेवून

परदेशवारी ठरली की आधी व्हिसाचं बघू नका, पिशवीचं बघा. कपडे काय, चार दिवस तेच घातले तरी तिथं ओळखणारं कोण आहे? पण चौथ्या दिवशी जिभेनं बंड पुकारलं तर वकिलातसुद्धा मदतीला येत नाही. तेव्हा तीन स्वेटर बाहेर काढा आणि त्या जागी घरच्या खाण्याचे तीन पुडे कोंबा. थंडी वाजलीच तर पुडे छातीशी धरता येतात.

विमानतळावर मात्र जपून. न्यूझीलंडमध्ये बॅगेतलं खाणं अर्जावर लिहायचं राहिलं तर जागेवर ४०० डॉलर दंड बसतो. बियांतून, फळांतून कीड आणि रोग येतील ही त्यांना धास्ती. अधिकाऱ्यानं पुडा हातात घेतला की चेहरा पाडा आणि ‘आईनं दिलंय’ म्हणा. उपयोग शून्य, पण त्या गडबडीत आईची आठवण तरी होते.

नावं ठेवण्याचा सराव विमानातच सुरू करा. केबिनमधल्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली असते, नाक सुकतं, वास लागत नाही आणि म्हणून चवही लागत नाही, असं शेजारचा सांगू लागला तर हेडफोन घाला. कारण कळलं की तक्रारीतली मजा जाते.

उतरल्यावर नियम एकच: खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. हॉटेलात मेन्यूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, प्रत्येक पदार्थात काय काय असतं ते वेटरला विचारा आणि मग तळलेले बटाटे मागवा. पिझ्झ्याचं माहेर असलेल्या नेपल्सला गेलात तर पिझ्झ्याचा एक घास घेऊन, घराजवळ मिळतो त्याची सर नाही, असं ठणकावून सांगा. घरी ज्या जेवणाला ‘आज पुन्हा हेच?’ म्हणत होतात, त्याच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी आणायला विसरू नका.

लाज वाटून घेऊ नका, परंपरा थोर आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ साली सहाराचं वाळवंट तुडवत वलाता या गावी (आजच्या मॉरिटानियात) पोचला, तर यजमानानं पुढ्यात काय ठेवलं? बाजरीसारख्या भरड धान्यात मध आणि दूध घातलेलं कालवण. एवढ्यासाठी बोलावलं होतं होय, म्हणून गड्यानं नाक मुरडलं आणि तशी नोंदही करून ठेवली. मेक्सिकोचा अंतराळवीर रोडॉल्फो नेरी वेला तर १९८५ साली अंतराळात जाताना टॉर्टिया, म्हणजे त्यांच्याकडची पोळी, घेऊन गेला. पावाचा चुरा यानात तरंगत भलतीकडे शिरतो, टॉर्टियाचा तसा पडत नाही, हे नासाच्या लक्षात आलं आणि पुढे तिथं टॉर्टियाच रुळली. (आपल्या पुड्यांकडे नासाचं लक्ष अजून गेलेलं नाही.)

आता किटली. हॉटेलच्या खोलीतली किटली चहासाठी असते, हा गैरसमज आहे. मी तिच्यात रात्री साडेअकराला घरचं तयार पीठ शिजवलंय. ढवळायला सोपं जावं म्हणून झाकण उघडंच ठेवा, मी ठेवलं होतं. झाकण उघडं असलं की वाफ बटणापर्यंत पोचत नाही आणि किटली आपणहून बंद होत नाही, हे मला पुढच्या सात मिनिटांत समजलं. आधी बुडाला लागलं, मग करपलं, मग छतावरचा भोंगा कोकलू लागला.

पुढे सगळं हॉटेल रस्त्यावर. कुणी चादर पांघरून, कुणी एका पायात चप्पल घालून. माझ्या हातात चमचा, आणि चमच्याला तो करपट ऐवज. कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती.

शेजारी एक म्हातारं जोडपं उभं होतं, कुठल्या देशाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजीबाई पासपोर्ट खोलीत विसरल्या होत्या, पण डबा काखेत होता. त्यांनी माझ्या चमच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. काहीतरी वाफवलेलं होतं, वर कसलासा पाला. त्यांच्याकडे शेवटचे दोनच उरले होते, त्यातला एक त्यांनी मला दिला.

मी खाल्ला. मान डोलावली. मीठ जरा कमीच होतं.