व्हेंटिलेटरवरच्या माणसाला उठवून बसवायचंच कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, आयसीयूतल्या फिजिओथेरपीवर मी लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वडील व्हेंटिलेटरवर असताना फिजिओने त्यांना बेडच्या कडेला बसवलं, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८४ टक्क्यांवर आलं, अलार्म वाजायला लागला आणि तुम्ही काचेतून हे सगळं बघत होतात. शिवाय २०२२ च्या मोठ्या अभ्यासात असल्या लवकरच्या हालचालीचा फायदा दिसला नाही, उलट त्रासच जास्त झाला. आणि कूस बदलणं, पाठ थोपटणं सिस्टरही करतात, मग फिजिओ म्हणजे बिलातली एक जास्तीची ओळ.

वडील आता घरी आहेत आणि काठी घेऊन चालतायत हे वाचून खरंच बरं वाटलं. त्या दिवशी नेमकं काय झालं ते चार्ट न बघता मी सांगू शकत नाही. पण एक सांगते, बसवताना सॅच्युरेशन उतरू शकतं हे आम्ही आधीच धरून चालतो, म्हणून पेशंटला हात लावायच्या आधी मॉनिटर आणि व्हेंटिलेटर बघायचा असतो. ऑक्सिजन किती टक्के चाललाय, बीपी टिकवायला औषधं किती लागतायत, डोस वाढतोय का, पेशंट सांगितलेलं ऐकतोय का, कुठे रक्तस्राव किंवा न बसवलेलं फ्रॅक्चर आहे का. यासाठी २०१४ साली तज्ज्ञांनी मिळून लाल-पिवळा-हिरवा अशी पद्धत ठरवली, त्यात सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तर बेडबाहेरच्या हालचालीला लाल. त्यामुळे ८४ दिसल्यावर लगेच थांबून, आडवं करून, आकडा परत वर येईपर्यंत फिजिओ तिथेच थांबले असतील तर ते बरोबरच वागले, आणि अलार्म वाजत असताना रेटत राहिले असतील तर तुमचा राग रास्त आहे, मी त्यांची बाजू घेणार नाही.

आता २०२२ चा अभ्यास, म्हणजे टीम ट्रायल. तुम्ही तो मांडलात हे मला आवडलं कारण आमच्यातले बरेच जण तो विषय टाळतात. ७५० पेशंट होते, सगळे व्हेंटिलेटरवरचे. एका गटाला रोज सरासरी २१ मिनिटांच्या आसपास सक्रिय हालचाल आणि दुसऱ्याला साधारण ९ मिनिटं. सहा महिन्यांत जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर किती दिवस राहिले हे मोजलं तर दोन्ही गट जवळपास सारखेच, आणि हालचालीमुळे झालेले त्रास (हृदयाचे ठोके बिघडणं, बीपी किंवा सॅच्युरेशन बदलणं) पहिल्या गटात ९.२% जणांना, दुसऱ्यात ४.१% जणांना. हे खरंय. पण बघा, ती ९ मिनिटंवाली मंडळी नुसती पडून नव्हती हो, त्यांनाही नेहमीची हालचाल मिळतच होती! म्हणजे फिजिओ हवा की नको हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता, जास्त केलं तर जास्त फायदा होतो का हे विचारलं होतं, आणि उत्तर आलं, नाही.

आणि माझ्या मते आयसीयूतल्या फिजिओचं खरं काम हेच आहे, आज या माणसाला किती झेपेल ते ठरवणं. कधी खुर्चीत बसवणं, कधी झोपल्या जागी फक्त घोटे आणि गुडघे हलवणं, आणि कधी आज काहीच नको असं लिहून पुढच्या बेडकडे जाणं.

काहीच केलं नाही तर काय होतं तेही बघा. २०१३ च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीच्या स्नायूचं सोनोग्राफीने माप घेतलं, दहाव्या दिवसापर्यंत तो स्नायू जवळपास १८% आटलेला, आणि ज्यांचे एकाहून जास्त अवयव बिघडले होते त्यांचं नुकसान त्याहून जास्त. छातीखालचा पडदाही मशीन श्वास देत राहिलं की कमजोर होतो, मग फुप्फुस सुधारलं तरी ट्यूब काढता येत नाही कारण श्वास ओढायला आणि खोकून कफ बाहेर टाकायला ताकदच नसते. २००९ मध्ये अमेरिकेत १०४ पेशंटवर अभ्यास झाला, रोज सेडेशन (गुंगीचं औषध) थांबवून त्याच वेळी व्यायाम घेतला, तर डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकणारे ५९% निघाले, दुसऱ्या गटात ३५%. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण भ्रम होण्याचे दिवसही त्यात निम्मे झाले होते, आणि भ्रमात हातपाय झटकणारा आपला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत कळेल.

सिस्टरचं म्हणाल तर कूस बदलणं, सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) त्या करतातच, आणि त्यांच्याशिवाय आमचं पानही हलत नाही, ट्यूब आणि लाइन सांभाळायला कुणी नसेल तर मी पेशंटला बसवतच नाही. सगळ्यांची सरसकट पाठ थोपटण्याला फारसा आधार नाही हेही मान्य, एवढ्यासाठीच फिजिओ येत असेल तर तुमची तक्रार बरोबर आहे. पण कुठल्या भागात कफ अडकलाय ते ऐकून-बघून त्याप्रमाणे कुशीवर घेणं, खोकल्याचा जोर तपासणं, हातापायाच्या ताकदीला ६० पैकी मार्क देऊन (४८ च्या खाली आले तर आयसीयूतली कमजोरी धरतात) त्यावर पुढचा बेत आखणं, हे शिकून येणारं काम आहे, ते जाता जाता होत नाही.

बिलाबद्दल, तुम्ही विचारायला हवं आणि विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आज काय केलं, कशासाठी केलं, किती वेळ, कुठे थांबलात आणि उद्या काय करणार. आणि वडिलांचं म्हणाल तर घरी आल्यावर व्यायाम थांबवू नका, आयसीयूतून आलेल्या माणसाची ताकद भरून यायला महिनोन्महिने लागतात. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतंय का आणि जिना चढताना किती दम लागतोय तेवढं कळवा, त्यावरून पुढचं बोलू.