इंदूरच्या सज्जन गिऱ्हाइकाला चार सल्ले

2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आपलाच. शेवटी सरकारनेच कंटाळून आपल्याला उचललं आणि वेगळ्या 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये नेऊन बसवलं. आता ही पुण्याई नुसती भिंतीवर टांगून काय उपयोग? बाजारात वापरा की!

कचरा वेगळा करा आणि मग वाट्टेल ते विकत घ्या. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा, असा सहा कप्प्यांत माल नीट गेला, की तो मुळात घरात आलाच का, हे विचारायची कुणाची टाप नाही. गाणं वाजवत गाडी रामबागेत शिरली, की शेवेची रिकामी पाकिटं ताठ मानेनं खाली न्या. पाकीट आतून चकाकतं ना? तिथे प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात, की ते सुटे करून परत वापरणं कुणाला परवडत नाही. पण ही काळजी गाडीवाल्या दादांची, तुमची नव्हे.

ओल्या कचऱ्याचं तर सोनंच होतं. देवगुराडियाच्या प्लांटची ताकद रोज 550 टनांची, तिथल्या गॅसवर सिटी बस धावते. तेव्हा लग्नाच्या पंगतीत बासुंदीची अर्धी वाटी तशीच ठेवून उठायला लाजू नका. तुम्ही अन्न टाकलेलं नाही, सार्वजनिक वाहतुकीला हातभार लावलाय. हे वाढप्याला सांगून मात्र बघू नका, त्याच्या हातात पळी असते.

दुकानदाराशी नातं जपा. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी 2022 च्या अखेरीपासून बंद आहे, हे त्यालाही ठाऊक, तुम्हालाही. म्हणून आवाज जरा खाली आणून म्हणायचं, "भिया, पन्नी मिलेगी क्या?" तो रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकतो, काउंटरखाली हात घालतो आणि कांद्याच्या सालीइतकी पातळ पिशवी फुंकर मारून उघडतो. त्याला विचाराल तर म्हणेल, नाही दिली तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं. तुम्ही म्हणाल, तो देतो म्हणून आम्ही घेतो. दोघंही निर्दोष! गुन्हेगार असलाच तर ती पिशवी. लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेल्या कापडी पिशव्या कपाटात घडी करून ठेवा. बाजारात नेल्या तर मळतील.

थोडं व्यापारी मित्रांसाठी. पाकिटावर एक हिरवं पान छापा. आत माल तोच, भाव वाढवलेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये असल्या मोघम हिरव्या दाव्यांना पुरावा हवा, असा नियम काढलाय खरा. पण काउंटरवर उभं राहून पुरावा मागणारं गिऱ्हाईक मी तरी सराफ्यात पाहिलेलं नाही. चुकून कुणी विचारलंच, तर 'कंपोस्टेबल' म्हणा. असल्या बहुतेक पिशव्या कुजायला साठ अंशांच्या आसपासची ऊब असलेला कारखान्यातला ढीग लागतो, नाल्यात त्या नुसत्या पडून राहतात, एवढं सांगायची गरज नाही. प्लास्टिकमध्ये माल भरणारा कारखाना असेल तर तुमची अजूनच चैन. पाकीट परत गोळा करायची जबाबदारी कायद्याने तुमची आहे, पण रिसायकल करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेता येतं. पूर्वी पापाला गंगास्नान लागायचं, आता पोर्टलवर काम होतं.

स्नानावरून आठवलं. आपली कान्ह नदी शहरभरचं सांडपाणी पोटात घालून उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते. 2028 ला सिंहस्थ आहे. डुबकी मारायला रामघाटावर अवश्य जा, फक्त हे पाणी कुठून येतं यावर तिथल्या नातेवाइकांपुढे बोलू नका. एरवी पाहुणचाराला उणं पडू न देणारी माणसं, पण हा विषय काढला की चहासुद्धा विचारत नाहीत.