आकाशी बनियन

एप्रिलात मडगावात अंगावर दोन शर्ट चढवणारा माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो, नाहीतर मुंबई सिटी एफसीचा चाहता असतो. मला ताप नव्हता.

२४ एप्रिल २०२४, बुधवार. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, तोही मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. बायको-मुलगी सुट्टीसाठी आधीच तिकडे गेल्या होत्या. त्यांना आणायचं निमित्त काढून मी रात्रीची कोकणकन्या पकडली. निमित्त कुणालाच पटलं नाही, कारण सुट्टी संपायला चांगला महिना बाकी होता. सासऱ्यांनी मात्र काही न विचारता मोबाइलवर दोन तिकिटं दाखवली. "आपल्या स्टँडातली," ते म्हणाले. 'आपल्या' म्हणजे त्यांच्या.

माझे सासरे गोव्याच्या साष्टी तालुक्यातले. साष्टीतला माणूस देवाधर्मात एखादवेळी चालढकल करील, फुटबॉलात नाही. १७ नोव्हेंबर २०१५ ला याच फातोर्ड्यावर गोव्याने मुंबईला ७-० असं धुतलं होतं. आमच्या लग्नात सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं तेव्हा सगळ्या मांडवात डोळे पुसत नव्हता असा हा एकटाच वधूपिता होता. ते गालातल्या गालात हसत होते आणि का, ते फक्त मला कळत होतं. पुढे मार्च २०१९ मध्ये गोव्याने आमच्या अंधेरीत येऊन ५-१ ने मारलं, त्या रात्री त्यांचा फोन आला. "जेवलात ना, जावयबापू?" एवढंच विचारून ठेवला. २०२१ मध्ये आम्ही त्यांना पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढलं, पण तो सामना ते धरत नाहीत. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. माणसंच नाहीत तर मॅच कसली?

तर दोन शर्ट. आत मुंबईची आकाशी जर्सी आणि वरून सभ्य पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावून. गनिमी काव्याचा बेत होता. फातोर्ड्याच्या दमटपणाचा मात्र मी विचारच केला नव्हता. चारी बाजूंना भगव्यापेक्षा जरा जास्तच पिकलेला असा नारिंगी रंग, ढोल, आणि दर दोन मिनिटांनी "फोर्सा गोवा!" पहिल्या पंधरा मिनिटांतच सदरा अंगाला चिकटला. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला, आख्खा स्टँड उभा राहिला आणि मीही राहिलो. यजमानांच्या गोलला पाहुण्याने कशी टाळी वाजवायची याचं एक तंत्र आहे. हात हलले पाहिजेत, आवाज येता कामा नये.

मध्यंतरापर्यंत सदरा भिजून पार आरपार झाला होता. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होते. एप्रिल म्हणजे उर्राकाचे, काजूच्या हलक्या दारूचे दिवस, आणि त्यांनी त्या दिवसांचा मान राखलेला वासावरून कळत होता. त्यांनी माझ्या छातीकडे रोखून पाहिलं.

"पात्रांव, आत कितें?"

"बनियन."

"आकाशी?"

"मुंबईत मिळतात."

"बनियनाला बिल्ला असतो?"

मी मिरचीभजी तोंडात कोंबली. ती इतकी तिखट निघाली की उत्तराची अपेक्षाच संपली. सासऱ्यांनी मैदानावरची नजर न काढता खिशातला रुमाल पुढे केला. हा माणूस शत्रुपक्षात असला तरी कुळवंत आहे, हे मला मान्य करावंच लागेल.

छप्पन्नाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने दुसरा मारला. गोव्याचाच पोर, त्यामुळे आता ढोल थांबेनातच. उर्राकवाल्यांनी प्रेमाने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की बिल्ला आणखी उठून दिसायला लागला. मी हरलेला होतो आणि खरं सांगायचं तर निवांत होतो. पाहुण्या चाहत्याला हरण्यात फार सोय असते. चेहरा पाडायचा, जावई म्हणून सगळ्यांची सहानुभूती घ्यायची, घरी गेल्यावर चोणक माशाचा मोठा तुकडा पानात पडतो.

सासरे मात्र पंच्याऐंशीव्या मिनिटाला गप्प झाले. २० डिसेंबर २०१५ ची फायनल त्यांनी इथेच बसून पाहिली होती. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे गेला, लोक रडायला लागले आनंदाने, आणि मग शेवटच्या काही मिनिटांत गोव्यावर दोन गोल होऊन चेन्नईयिनने चषक नेला. तेव्हापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत ते आनंद करत नाहीत.

"भिवपाची गरज ना!" उर्राकवाले त्यांना म्हणाले.

आणि नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने गोल केला.

लोक हसले. बिचाऱ्यांना एक असू दे. मी चेहरा आणखी पाडला. तो हसरा होतो आहे असं वाटत होतं, म्हणून गाल आतून चावले. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. ढोल थांबला. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये इतकी शांतता की कुठल्या तरी कोपऱ्यात मूठभर मुंबईकर ओरडत होते ते सुस्पष्ट ऐकू आलं. त्यांना ओरडता येत होतं! मी गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून बसलो होतो, दाढ काढताना बसतात तसा. दुःख गिळायची सवय माणसाला असते, आनंद गिळायची नसते. तो घशात अडकतो, कानांतून बाहेर येऊ पाहतो.

भरपाई वेळेचं सहावं मिनिट. पुन्हा छांगते. ३-२.

त्यानंतर माझ्या हातून काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढंच कळलं की मी उभा होतो, माझे हात वर होते, सदऱ्याची वरची दोन बटणं तुटून पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या टोपीवर पडली होती आणि बिल्ला साऱ्या साष्टीला दर्शन देत होता.

"बस!" सासरे म्हणाले.

सात वर्षं मी "या जावयबापू, बसा जावयबापू" ऐकत आलो होतो. त्या सगळ्याचं एका शब्दात "बस" झालं. मी बसलो. उर्राकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं आणि हात उगारला. मी डोळे मिटले. त्यांनी माझा सदरा दोन्ही बाजूंनी ओढून नीट बंद केला आणि कानात म्हणाले, "घरा वच, बनियन."

स्कूटरवर सासऱ्यांच्या मागे बसून घरी जाताना आम्ही एक अक्षर बोललो नाही. सिग्नलला नारिंगी झेंडे गुंडाळून लोक उभे होते. मी सासऱ्यांच्या पाठीआड होता होईल तेवढा मावलो. इतक्या जवळून त्यांना मी कधीच धरलं नव्हतं.

दारात सासूबाई उभ्या. "कितें जालें?"

"गोव्याचे दोन," सासरे चपला काढत म्हणाले.

"आणि मुंबयचे?"

"जेवण वाढ."